कोरोना होऊन गेला. संरक्षण किती दिवस टिकते?

"मला पहिल्याच लाटेत होऊन गेला, आता मला काय होणार?" असे म्हणणारे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्याच गल्लीत दुसरे कोणी सांगतात, "लॅबमध्ये रक्त तपासले, अँटीबॉडी राहिल्या नाहीत म्हणाले. म्हणजे आता परत पहिल्यासारखाच धोका." दोघांच्याही बोलण्यात थोडे खरे आहे आणि थोडी चूक आहे. पहिला माणूस त्याच भरवशावर ताप असताना आजीच्या उशाशी जाऊन बसतो. दुसरा घाबरून दर दोन महिन्यांनी तपासणीवर पैसे घालवतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

तथागतांनी केसमुत्ति सुत्तात कालामांना सांगितले की ऐकीव गोष्ट केवळ ऐकली म्हणून मानू नका, पारखून पाहा. कोरोनाच्या बाबतीत पारखून पाहण्यासारखी माहिती आता भरपूर जमली आहे.

अँटीबॉडी म्हणजे काय?

विषाणू शरीरात शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात. त्यांपैकी 'बी' पेशी एक प्रकारची प्रथिने तयार करतात. ही प्रथिने विषाणूला चिकटतात आणि त्याला आपल्या पेशींमध्ये शिरू देत नाहीत. त्यांनाच अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे म्हणतात. दुसऱ्या 'टी' पेशी असतात. विषाणू ज्या पेशींत शिरला आहे, त्या पेशी शोधून नष्ट करणे हे त्यांच्यापैकी काहींचे काम. बाकीच्या 'टी' पेशी 'बी' पेशींना मदत करतात.

संसर्ग झाल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत रक्तात अँटीबॉडी दिसू लागतात. तीन-चार आठवड्यांनी त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. त्यानंतर ते उतरू लागते. सुरुवातीचे काही महिने भराभर, मग सावकाश.

हे उतरणे म्हणजे आजार नव्हे, ते अपेक्षितच आहे. रक्तातील मुख्य अँटीबॉडीचे, म्हणजे 'आयजीजी'चे प्रमाण नवीन निर्मिती थांबली तर साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते. आजाराच्या वेळी लाखो पेशी घाईघाईने अँटीबॉडी बनवत असतात. काम संपले की त्यातल्या बहुतेक पेशी मरून जातात. एवढ्या पेशी शरीराने कायम पोसायच्या ठरवल्या, तर आयुष्यात होणाऱ्या शेकडो संसर्गांसाठी रक्तात जागाच उरणार नाही.

मग सगळेच संपते का?

नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत समता सैनिक दलाचे किती सैनिक रस्त्यावर असतात ते आपण पाहतो. आठ दिवसांनी विहारात गेलात तर दोन-तीनच दिसतील. म्हणून दल बरखास्त झाले असे कोणी म्हणत नाही. कवायत त्यांच्या अंगात असते. निरोप गेला की ते जमतात.

शरीरातही तसेच होते. अँटीबॉडी बनवणाऱ्या थोड्या पेशी हाडांच्या मगजात जाऊन राहतात आणि तिथून थोड्या प्रमाणात अँटीबॉडी सोडत राहतात. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सौम्य कोरोना होऊन गेलेल्या लोकांच्या हाडांच्या मगजाची तपासणी केली. सात-आठ महिन्यांनंतरही बहुतेकांच्या मगजात या पेशी सापडल्या, आणि अकरा महिन्यांनंतरही त्यांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

याशिवाय 'स्मृती पेशी' असतात. त्या स्वतः अँटीबॉडी सोडत नाहीत. पण तोच विषाणू परत आला, तर त्या लगेच कामाला लागतात. कॅलिफोर्नियातील ला होया येथील संशोधकांनी १८८ जणांच्या रक्ताचा अभ्यास केला. त्यात कोरोनाच्या स्मृती 'बी' पेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहा महिन्यांनी जास्त आढळल्या. म्हणजे अँटीबॉडी उतरत असताना स्मृती पक्की होत होती. 'टी' पेशी तर फार चिवट असतात. २००३ मध्ये कोरोनाच्याच कुळातल्या 'सार्स' विषाणूची साथ आली होती. त्या साथीतून वाचलेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही सार्स ओळखणाऱ्या 'टी' पेशी सापडल्या.

स्मृती आहे, तर परत होतो कसा?

एकदा गोवर झाला की सहसा जन्मभर परत होत नाही. मग कोरोना परत का होतो? याची दोन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण वेळेचे. स्मृती पेशींना जागे होऊन फौज उभी करायला काही दिवस लागतात. कोरोनाचा विषाणू नाक आणि घशात त्यापेक्षा लवकर वाढतो. नाका-घशाच्या ओल्या अस्तरावर अँटीबॉडींचा पहारा असतो, पण तो फार महिने टिकत नाही. म्हणून सर्दी, ताप, घसादुखी होते. विषाणू फुप्फुसात खोलवर जाण्याआधी मात्र स्मृती पेशी कामाला लागलेल्या असतात. त्यामुळे आजार बहुधा वरवर राहतो.

दुसरे कारण विषाणूचे. तो सतत बदलतो. गोवराच्या विषाणूचे आपल्या अँटीबॉडी ज्या भागांना ओळखतात, ते भाग फारसे बदलत नाहीत. कोरोनाने मात्र आपले बाहेरचे काटे वारंवार बदलले. डेल्टा प्रकार पहिल्यांदा भारतातच आढळला आणि त्याने २०२१ ची दुसरी लाट आणली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन आला. त्याचे काटे इतके बदललेले होते की जुन्या अँटीबॉडींना तो नीट ओळखता येईना. 'टी' पेशी मात्र विषाणूच्या अनेक भागांना ओळखतात. त्यामुळे त्या तितक्या फसल्या नाहीत.

सर्वच गोष्टी अनित्य आहेत हे आपण विहारात ऐकतो. इथे तर अँटीबॉडी आणि विषाणू दोन्हीही बदलत असतात.

नेमके किती महिने?

'संरक्षण' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, परत लागण होण्यापासून संरक्षण. दुसरे, गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून संरक्षण. दोन्हींचे उत्तर वेगळे आहे.

लागण होण्यापासूनचे संरक्षण आधी पाहू. इंग्लंडमधील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मोठ्या पाहणीत असे दिसले की आधी कोरोना होऊन गेलेल्यांना पुढचे सात महिने परत लागण होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी होता. ओमायक्रॉनच्या आधीची ही गोष्ट. त्यानंतर १९ देशांतील ६५ अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ मध्ये आला. जुन्या प्रकारांसाठी ४० आठवड्यांनंतरही, म्हणजे नऊ-दहा महिन्यांनंतर, लागण टाळण्याचे संरक्षण सुमारे ७९ टक्के होते. ओमायक्रॉनच्या पहिल्या प्रकारासाठी तेच सुमारे ३६ टक्क्यांवर आले.

८० टक्के संरक्षण म्हणजे शंभरातले ऐंशी लोक कायम सुरक्षित आणि वीस उघडे, असा अर्थ नाही. ज्यांना कधीच संसर्ग झाला नव्हता अशा गटात दहा जणांना लागण होत असेल, तर आधी होऊन गेलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात दोघांना होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता गंभीर आजाराकडे येऊ. ओमायक्रॉनच्या काळातील अनेक अभ्यास एकत्र करून दुसरा एक हिशेब झाला. केवळ संसर्ग होऊन गेलेल्यांचे रुग्णालयात जाण्यापासून किंवा गंभीर आजारापासूनचे संरक्षण एक वर्षानंतरही सुमारे ७५ टक्के होते. ज्यांना संसर्गही झाला होता आणि ज्यांनी लसही घेतली होती, त्यांच्यात ते सुमारे ९७ टक्के होते.

म्हणून थोडक्यात उत्तर असे: लागण टाळण्याचे संरक्षण काही महिन्यांचे, गंभीर आजार टाळण्याचे संरक्षण एक वर्षाहून अधिक काळाचे, आणि लस जोडीला असेल तर दोन्ही अधिक मजबूत.

५७ टक्क्यांचा आकडा आणि आपली वस्ती

हा विषय आपल्या वस्त्यांशी थेट जोडलेला आहे. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्ताची पाहणी केली: माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर. सुमारे सात हजार लोकांचे रक्त तपासले गेले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी आढळल्या, बिगर झोपडपट्टी भागात १६ टक्क्यांमध्ये.

ऑगस्टमध्ये त्याच तीन विभागांत दुसरी फेरी झाली. झोपडपट्टीतला आकडा ४५ टक्क्यांवर आला. मार्च २०२१ मध्ये मुंबईच्या सर्व २४ विभागांतील नमुने तपासले. तेव्हा तो सुमारे ४२ टक्के निघाला आणि बिगर झोपडपट्टी भागातला सुमारे २८ टक्के.

साथ चालू असताना आकडा खाली कसा जाईल? दर वेळी तपासलेली माणसे वेगळी होती, हे एक कारण. मार्चच्या पाहणीत तर दवाखान्यांत व प्रयोगशाळांत आलेले रक्तनमुने वापरले होते. दुसरे कारण अँटीबॉडी उतरण्याचे. पहिल्या पाहणीत वापरलेली तपासणी विषाणूच्या आतल्या, 'न्यूक्लिओकॅप्सिड' नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधत होती. या तपासणीत काही महिन्यांनी अनेकांचा निकाल 'नाही' असा येऊ लागतो. त्या माणसांना संसर्ग झाला होता, त्यांच्या स्मृती पेशीही होत्या, पण यंत्राला त्या दिसत नव्हत्या.

पुढे ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ च्या पाहणीत मुंबईत सुमारे ८७ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी आढळल्या, आणि झोपडपट्टी व इमारत यांतला फरक जवळपास पुसला गेला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली होती आणि लसीकरणही सुरू झाले होते.

"वस्तीतल्या माणसाला काही होत नाही"

५७ टक्क्यांचा आकडा आला तेव्हा काही लोकांनी त्याचा असा अर्थ काढला की झोपडपट्टीतल्या लोकांची प्रतिकारशक्तीच जास्त, त्यांना काही होत नाही. आपल्यातलेही काही जण हे अभिमानाने सांगू लागले. आकड्याचा अर्थ याच्या अगदी उलट आहे. संसर्ग झाल्याशिवाय त्या वेळी अँटीबॉडी येणार कुठून? तेव्हा लस नव्हती. ५७ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना चार महिन्यांत विषाणू लागून गेला होता.

त्याचे कारण रक्तात नव्हते, घराच्या मापात होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेव्हा सहा फुटांचे अंतर कुठून आणायचे? पुण्यातल्या पाच प्रभागांत २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेल्या पाहणीत सामायिक शौचालय वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी होत्या. स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. टाळेबंदीतही सफाई कामगार झाडू घेऊन बाहेर पडत होते. रुग्णालयातल्या आया आणि वॉर्डबॉय कामावर जात होते. ती माणसे कोणत्या वस्त्यांत राहतात हे आपल्याला सांगायला नको.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला मुंबईत नोंदलेले बहुतेक रुग्ण इमारतींमधले होते, हेही खरे. वस्तीत अनेकांना आधीच लागण होऊन गेली होती, हे त्यामागचे एक कारण असू शकते. पण ते संरक्षण फुकट मिळालेले नव्हते. किती घरांतली कर्ती माणसे त्यात गेली! ज्या प्रतिकारशक्तीसाठी आधी आजारी पडावे लागते, ती मिळवण्याचा सुरक्षित मार्ग लस हाच आहे. म्हणून 'आपण कणखर' असे सांगण्यापेक्षा पुरेसे पाणी, हवेशीर घर आणि पुरेशी शौचालये मागणे हेच आरोग्याचे खरे काम आहे.

कोणाचे संरक्षण लवकर उतरते?

वर दिलेले आकडे सरासरी आहेत. काही माणसे त्या सरासरीत बसत नाहीत.

- वृद्ध. डेन्मार्कमध्ये २०२० च्या दोन लाटांची तुलना झाली. आधी लागण झालेल्यांना परत लागण होण्यापासून एकूण सुमारे ८० टक्के संरक्षण होते. ६५ वर्षे आणि त्यापुढील लोकांत ते केवळ ४७ टक्के होते.
- डायलिसिसवर असलेले, किडनी किंवा इतर अवयव बदललेले, कर्करोगाचे उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे. यांच्यात अँटीबॉडी मुळातच कमी बनू शकतात.
- एचआयव्हीसह जगणारे, पण नियमित गोळ्या न घेणारे. गोळ्या चालू असतील तर परिस्थिती खूपच चांगली असते.
- मधुमेह, हृदयरोग, फुप्फुसाचे जुने आजार आणि क्षयरोग असलेले. यांना परत लागण झाली तर आजार बळावण्याचा धोका अधिक. बाबासाहेबांना मधुमेहाने अनेक वर्षे त्रास दिला. आज आपल्या वस्तीत हा आजार घरोघरी आहे, आणि अनेकांना तो आहे हेच माहीत नाही.

घरातल्या तरुणाला परत कोरोना झाला तर दोन दिवस अंग दुखेल, नाक वाहील, आणि तो बरा होईल. त्याच खोलीत झोपणाऱ्या मधुमेही आईची गोष्ट वेगळी असू शकते. स्वतःला होऊन गेला म्हणून आपण सुरक्षित असू, पण आपली अँटीबॉडी आपल्या आईचे रक्षण करत नाही.

अँटीबॉडी तपासणी करावी का?

सर्वसाधारण माणसाला तिची गरज नाही. एवढे आले म्हणजे सुरक्षित आणि एवढे आले म्हणजे असुरक्षित, अशी सर्वांना लागू होणारी रेषा ठरलेली नाही. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची यंत्रे आणि मोजमापे वेगळी असल्यामुळे दोन ठिकाणचे आकडे थेट जुळवून पाहता येत नाहीत.

शिवाय तपासणी दोन प्रकारची असते. एक विषाणूच्या काट्यांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते, दुसरी आतल्या न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या. कोविशील्ड लस फक्त काट्यांविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. कोविशील्ड घेतलेल्या आणि संसर्ग न झालेल्या माणसाने दुसऱ्या प्रकारची तपासणी केली, तर निकाल 'अँटीबॉडी नाहीत' असाच येणार. लस वाया गेली असा त्याचा अर्थ होत नाही. स्मृती पेशी आणि 'टी' पेशी तर या साध्या तपासणीत मोजल्याच जात नाहीत.

तपासणीचे पैसे वाचवा आणि घरातल्या चाळिशीपुढच्या माणसांची साखर व रक्तदाब तपासून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होते.

काढा, अंगारा, ताईत किंवा 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून महाग विकली जाणारी पावडर यांमुळे कोरोनाविरुद्धच्या अँटीबॉडी तयार होत नाहीत. त्या फक्त विषाणूची किंवा लसीची ओळख झाल्यावरच बनतात. डाळ, अंडी, हिरव्या भाज्या आणि पुरेशी झोप शरीराला बळ देतात. त्यासाठी डबाबंद पावडर लागत नाही.

घरात काय करावे?

१. ताप, खोकला, घसादुखी असेल तर आधी होऊन गेलेला असला तरी मास्क लावा. वृद्ध आणि आजारी माणसांपासून पाच-सहा दिवस दूर राहा. वेगळी खोली नसेल तर खिडकी-दार उघडे ठेवा, झोपण्याच्या जागेत शक्य तेवढे अंतर ठेवा, आणि आजीचे ताट-पाणी घरातल्या निरोगी माणसाकडे द्या.

२. घरातल्या वृद्धांचे किंवा दीर्घ आजार असलेल्यांचे लसीचे डोस राहिले असतील, तर जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. "होऊन गेला, आता लस कशाला" हा हिशेब चुकीचा आहे. ७५ आणि ९७ मधला फरक पुन्हा आठवा.

३. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल किंवा बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसत असेल, तर घरी थांबू नका. रुग्णालयात जा.

४. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर 'कोरोनाच असेल' म्हणून सोडून देऊ नका. थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

५. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, क्षयरोगाच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या कोणत्याही कारणाने मध्येच थांबवू नका.

६ डिसेंबर २०२० रोजी चैत्यभूमीवर गर्दी न करता घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन झाले, तेव्हा आपल्या लोकांनी ते मनाला लागत असतानाही पाळले. आता तसे घरी थांबण्याची गरज नाही. विहारात या, जयंतीला या, वर्षावासाच्या प्रवचनाला या. मात्र अंगात ताप असेल त्या दिवशी येऊ नका, कारण पुढच्या रांगेत उपासक-उपासिकांमध्ये आपलीच आजी-आजोबांची पिढी बसलेली असते.

जय भीम. नमो बुद्धाय.